‘पडोसन’ची वकिली नीट करा

सांगलीतलं एक हौशी मंडळ दर महिन्याला एक जुना चित्रपट दाखवतं. भाड्याचा पडदा, शंभर-सव्वाशे खुर्च्या, मध्यंतरात चहा आणि कागदाच्या पुडीत भडंग. आजवर कोणाची तक्रार नव्हती. या वेळी त्यांनी ‘पडोसन’ (१९६८) जाहीर केला आणि गावात दोन तट पडले. एक तट म्हणतो, ही नाट्यपंढरी आहे. विष्णुदास भाव्यांनी जिथे मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली, तिथे शास्त्रीय संगीताची टिंगल, मद्रासी माणसाची नक्कल आणि खिडकीतून पोरीकडे टक लावून बसणारा नायक कशाला? काहीतरी दर्जेदार दाखवा. दुसरा तट म्हणतो, अहो, विनोदी चित्रपट आहे, एवढं काय मनाला लावून घेता? डोकं घरी ठेवून या, अडीच तास हसा आणि जा. चहाच्या टपरीपासून वाचनालयाच्या पायऱ्यांपर्यंत हे दोनच सूर ऐकू येताहेत आणि दोन्ही बेसूर आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘पडोसन’ दाखवावा, याच गावात दाखवावा आणि त्याबद्दल माफी मागू नये. पण त्याची बाजू घेणाऱ्यांनी जी वकिली चालवली आहे, तिने अशील फासावरच जाईल. विरोधकांच्या तीन आक्षेपांपैकी दोहोंत तथ्य आहे, उरलेल्या एकात गोंधळ आहे. समर्थकांच्या एकुलत्या एका मुद्द्यात मात्र काहीच नाही. ‘डोकं घरी ठेवून या’ हे वाक्य चित्रपटाची स्तुती म्हणून म्हटलं जातं आणि कोणाला त्यातला अपमान दिसत नाही, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

देवलांच्या ‘संशयकल्लोळ’बद्दल असं कोणी म्हणतं का? फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, कृत्तिका नवऱ्यावर घेते, आणि एक तसबीर या हातातून त्या हातात जाते, एवढ्यावर सगळा गोंधळ. कथानक म्हणून मांडायला गेलं तर पोरखेळच. मूळ बीज फ्रान्सच्या मोलिएरचं, इंग्लंडमार्गे आलेलं. आधी गद्यात होतं, मग १९१६ साली पदांसकट रंगभूमीवर आलं. शंभर वर्षं उलटली तरी आपण ते नाटक डोकं आणि कान शाबूत ठेवून बघतो. ‘संशय का मनी आला’ सुरू झालं की मागच्या रांगेतला माणूससुद्धा मान डोलवता डोलवता गालात हसत असतो. गाणं आणि हसणं एकाच वेळी सांभाळायचं, आणि त्यातलं कुठलंच दुसऱ्याचं ओझं होऊ द्यायचं नाही, हे किती अवघड आहे हे सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांना ठाऊक होतं. त्यांचं नाव घेत फिरणाऱ्या गावाने तरी संगीत-विनोदाला विरंगुळा म्हणून निकालात काढू नये.

आता ‘पडोसन’कडे वळू. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो, पण परवाच्या वादात निम्मे लोक गाण्यांवरून बोलत होते, चित्रपटावरून नाही. म्हणून थोडक्यात. भोळाभाबडा भोला (सुनील दत्त) शेजारच्या बिंदूच्या (सायरा बानो) प्रेमात पडतो. बिंदूला गाण्याचं वेड, आणि तिला गाणं शिकवायला येतात मास्टर पिल्ले (महमूद). भोलाला गळा नाही. त्याचा दोस्त विद्यापती (किशोरकुमार) नाटकमंडळीवाला आणि जातिवंत गवय्या. भोलाला गाणं शिकवण्याचा प्रयोग फसतो, तेव्हा तोड निघते ती अशी: भोलाने खिडकीत उभं राहून ओठ हलवायचे आणि विद्यापतीने आडोशाला बसून गायचं. समोरच्या खिडकीतली बिंदू या आवाजावर भाळते.

म्हणजे काय आहे हे? हिंदी चित्रपट जे रोज करत आला आणि रोज लपवत आला, तेच या चित्रपटाने कथानक म्हणून पुढे ठेवलं. दिसतो एक आणि गातो दुसरा. प्रेक्षकाला हे माहीत असतं, पण अंधारात बसल्यावर तो ते विसरायला तयार असतो. ‘पडोसन’ त्याला विसरू देत नाही. पडद्यावरच आडोसा उभा करतो, आडोशामागचा माणूस दाखवतो आणि तरीही सांगतो, बघ, तू पुन्हा फसलास की नाही? त्या आडोशामागे बसवलाय कोण, तर खरोखरीचा पार्श्वगायक. आणि हा पार्श्वगायक दोन्ही बाजू भोगलेला. ‘रागिनी’त (१९५८) शास्त्रीय ढंगाचं ‘मन मोरा बावरा’ पडद्यावर किशोरकुमार गातो, आवाज मात्र महंमद रफींचा आहे. दहा वर्षांपूर्वी जो दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवत होता, तोच इथे दुसऱ्याच्या ओठांना आवाज पुरवतो. हा विनोद सुचायला आणि पेलायला डोकं घरी ठेवून चाललं असतं का?

सांगलीकराला तर यात जास्तच गंमत दिसायला हवी. १८४३ साली इथे ‘सीतास्वयंवर’ झालं, त्याची आठवण आपण दर ५ नोव्हेंबरला काढतो, नटराजाला हार घालतो, भाषणं करतो. त्या खेळात पदं कोण म्हणत होतं? पात्रं म्हणत नव्हती. सूत्रधार आणि त्याचे साथीदार पदं गात, आणि राम असो, रावण असो, पात्रं त्या पदांबरहुकूम हावभाव करत, मधलं भाषण आयत्या वेळी रचून बोलत. आवाज एकाचा, देह दुसऱ्याचा. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने पात्रांच्याच तोंडी पदं दिली आणि आवाज व देह एकत्र आले. त्या एकत्र येण्यातून गायक-नटांची परंपरा फुलली, नागठाण्याचे बालगंधर्व त्याचं शिखर. मग १९३५ साल उजाडलं. त्या एका वर्षात प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व संत एकनाथ होऊन पडद्यावर आले, आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’ने हिंदी पडद्यावर पार्श्वगायन आणलं. स्वतः गाणारा नट सिनेमात शिरत होता, तेवढ्यात सिनेमाने त्याची गरजच संपवून टाकली. आवाज आणि देह पुन्हा वेगळे झाले, सूत्रधार पुन्हा पडद्याआड गेला. ‘पडोसन’ची खिडकी ही त्या सव्वाशे वर्षांच्या ताटातुटीवर केलेली मस्करी आहे. बनवणाऱ्यांच्या मनात सांगली नव्हती, हे उघड आहे. पण आपल्या मनात असायला काय हरकत आहे? ज्या गावात ही भानगड सुरू झाली, त्याच गावात तिच्यावरचा सगळ्यात चांगला विनोद दाखवायचा नाही, हा कुठला न्याय?

आक्षेपांकडे येतो. पहिला, शास्त्रीय संगीताच्या टिंगलीचा. रोख अर्थातच ‘एक चतुर नार’वर आहे. एका खिडकीत पिल्ले मास्तर, समोरच्या खिडकीत भोला आणि त्याच्या आडून विद्यापती. पिल्ले मास्तर शिस्तीत चढत जातात, सरगम करतात, तान घेतात. पलीकडून उत्तर येतं ते वाकडंतिकडं, मध्येच भलताच शब्द घुसवणारं. मास्तर ‘घोडा’ आणि ‘चतुर’ या दोन शब्दांत असे अडकतात की शेवटी गाणं सोडून भांडायला लागतात. तालमीत तयार झालेला माणूस हरतो आणि तालीम नसलेला जिंकतो. यात शास्त्राची अप्रतिष्ठा आहे, असं आक्षेपकांचं म्हणणं.

काही वर्षांपूर्वी हा चित्रपट बघताना शेजारी एक निवृत्त तबलजी बसले होते, मिरजेचे. उरुसात साथीला बसून ज्यांचं आयुष्य गेलं, असे. सबंध हॉल ज्या जागी हसत होता, तिथे हे नुसते मान हलवत होते. आणि हॉल गप्प असायचा तेव्हा यांना हसू फुटायचं. मास्तरांची तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या बेतात असते आणि पलीकडून एक टोला असा पडतो की ती सम मास्तरांच्या हातून निसटते. ती निसटली हे कळायला सम कुठे होती हे कळावं लागतं. बुवांचा उजवा हात मांडीवर ठेका धरून होता, आणि तो हात अडखळला की ते हसायचे. बाकीच्यांना कळायला अर्धा क्षण उशीर होत होता. मला त्या दिवसापासून ‘सामान्य प्रेक्षकांसाठीचा विनोद’ हे शब्द पटेनासे झाले. या गाण्यात सामान्यांसाठी एक मजला आहे आणि जाणकारांसाठी वर दुसरा आहे, इतकंच.

आणि हरतंय तरी कोण? पडद्यावर पिल्ले हरतात, पण त्यांचा गाता गळा मन्ना डे यांचा आहे. काका कृष्णचंद्र डे आणि उस्ताद अमानअली खाँ यांच्यासारख्यांकडे शिकलेले मन्ना डे. म्हणजे चित्रपटात जो ‘खरा’ गवई आहे तो महमूद, आणि तो उसन्या आवाजावर ओठ हलवतोय. आणि जी टोळी लबाड ठरवली आहे तिच्यातला विद्यापती मात्र स्वतःच्या गळ्याने गातोय. लबाडी नेमकी कुठल्या खिडकीत आहे? माझ्या माहितीत मराठी-हिंदीतल्या कुठल्याही गंभीर चित्रपटाने खरं गाणं आणि खोटं गाणं यांचा इतका गुंता इतक्या हसतमुखाने घातलेला नाही.

आणखी एक हिशोब आक्षेपक विसरतात. १९५६ साली ‘बसंत बहार’ आला. त्यातल्या ‘केतकी गुलाब जूही’मध्ये दरबारी गायनाचा सामना आहे आणि त्यात नायक जिंकतो. नायकाचा आवाज मन्ना डे यांचा, आणि हरणाऱ्या गवयाचा आवाज पंडित भीमसेन जोशींचा. भीमसेन म्हणजे सवाई गंधर्वांचे शिष्य आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे नातशिष्य. म्हणजे आमच्या मिरजेशी नातं सांगणारं किराणा घराणं. त्या दिवशी पार्श्वगायकाने किराणा घराण्याला पडद्यावर चीत केलं. शास्त्राचा अपमान झाला म्हणून सांगली-मिरजेत कोणी कपाळाला हात लावला का? उलट ते गाणं अजून आदराने ऐकलं जातं. कारण काय? कारण तिथे कोणी हसत नव्हतं. गंभीर चेहऱ्याने केलेला पराभव चालतो, हसत केलेला चालत नाही. म्हणजे आक्षेप शास्त्राच्या पराभवाला नाहीच, हसण्याला आहे. तसं असेल तर तसं सांगावं, संगीताच्या आडून बोलू नये.

दुसरा आक्षेप जड आहे. मास्टर पिल्ले हे पात्र शेंडी, वेष आणि हेल यांवर उभं केलेलं आहे. महमूद हा विलक्षण नट, पण इथे त्याने दक्षिणेतल्या माणसाचं जे सोंग उभं केलं, त्याची छाप पुढे कितीतरी वर्षं हिंदी विनोदावरून पुसली गेली नाही. तामीळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम सगळं एकाच ‘मद्रासी’ पोत्यात भरून त्याच्यावर हसायची सवय ज्यांनी लावली, त्यांत हा चित्रपट आहे. विनोद आहे, सोडून द्या, हे इथे चालणार नाही. सांगलीत तर मुळीच नाही. भाव्यांनी नाटक रचलं ते कशावरून? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ इथे झाले, राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांना ते आवडले, आणि असं काही मराठीत करा असं त्यांनी सुचवलं, त्यावरून. अब्दुल करीम खाँसाहेबांनी सरगमेची नजर कर्नाटक संगीताकडून घेतली, त्यागराजांच्या कृतींच्या तबकड्या दिल्या, आणि १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर असताना दक्षिणेतल्याच एका रेल्वे स्टेशनात त्यांनी देह ठेवला. त्यांची कबर मिरजेत आहे. आमचं नाटक आणि आमचं गाणं, दोन्ही दक्षिणेच्या उसनवारीवर उभं आहे. त्या गावात बसून पिल्ले मास्तरांच्या हेलावर खो-खो हसताना थोडी लाज वाटली, तर ती वाटायलाच हवी.

पण मुद्दा इथे संपत नाही. पिल्ले मास्तरांवरचे सगळे विनोद एका जातीचे नाहीत. हेलावरचे विनोद वाईट आहेत आणि आज ते शिळेही झाले आहेत. दहा मिनिटांनी तेच तेच ऐकू येतं. त्यांच्या घमेंडीवरचे विनोद मात्र रास्त आहेत, कारण गुरूची घमेंड ही दक्षिणेची मक्तेदारी नाही, आपल्याकडे घराण्याघराण्यांत हवी तितकी सापडेल. आणि एक गोष्ट बघणाऱ्याच्या लक्षात राहते: सबंध चित्रपटात आपल्या कलेशी इमान राखून असणारा माणूस तोच एक आहे. तो कोणाच्या आडोशाने प्रेम करत नाही, जे गातो ते समोर बसून गातो. दुसरं म्हणजे, ही गोष्ट मुळात दक्षिणेची टर उडवायला रचलेली नव्हती. ती बंगाली, अरुण चौधुरींची, आणि त्यावरचा बंगाली चित्रपट १९५२ चा. त्यानंतर ती तेलुगूत १९५३ मध्ये आणि तामीळमध्ये १९६० मध्ये येऊन गेली. तेलुगूत गाणाऱ्या मित्राच्या भूमिकेत ए. एम. राजा होते, म्हणजे तिथेही पार्श्वगायकालाच पडद्यावर आणून बसवलं. हिंदीच्या कितीतरी आधी आंध्र आणि मद्रासचे प्रेक्षक याच खिडक्यांवर हसून मोकळे झाले होते. म्हणजे गोष्टीचं हसू पिल्ल्यांच्या शेंडीवर अवलंबून नाही. शेंडी नंतर चिकटवली आहे, आणि चिकटवलेली आहे हे दिसतंही. म्हणूनच मी म्हणतो, चित्रपट दाखवा आणि ती जागा बोट ठेवून दाखवा. झाकून ठेवलेल्या चित्रपटातली चूक कोणालाच दिसत नाही.

तिसरा आक्षेप एका तरुण प्राध्यापिकेने घेतला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या, ‘सर, ‘मेरे सामने वाली खिडकी में’ हे गाणं तुम्ही रेडिओवर ऐकलंत. आम्ही ते बसस्टँडवर ऐकलं, मागून येणाऱ्या पोरांच्या तोंडून.’ यावर ‘चित्रपट आणि जीवन वेगळं असतं’ असं उत्तर देणारे खूप भेटले. ते उत्तर आळशी आहे. गाणी पडद्यावरून खाली उतरतात आणि गल्लीत फिरतात, म्हणून तर आपल्याला ती आवडतात. मग नको त्या गल्लीत गेली तर जबाबदारी झटकून कसं चालेल?

तरी चित्रपटात काय आहे ते बघावं लागेल. भोला हा पुस्तकातली आश्रमव्यवस्था पाठ करणारा, ब्रह्मचर्याची वर्षं बोटांवर मोजणारा बावळट. चित्रपट त्याच्यावर हसतो, त्याच्या बाजूने शिट्टी वाजवत नाही. ‘मदर इंडिया’त बंदूक उचललेल्या आणि ‘मुझे जीने दो’त डाकू झालेल्या सुनील दत्तला मुद्दाम या गबाळ्या वेषात आणलंय, नायकाची ऐट उतरवायलाच. बिंदूही नुसती खिडकीतली चित्रातली बाई नाही. तिला गाणं कळतं, राग येतो, आणि लबाडी उघडी पडल्यावर ती गोड मानून घेत नाही. सायकलींवरच्या पोरींचं ‘मैं चली, मैं चली’ घ्या. लता आणि आशा दोघी गातात. दीनानाथांच्या या मुलींचं लहानपण सांगलीत गेलं, हे इथे सांगायचा मोह आवरत नाही. त्या गाण्यात रस्ता पोरींचा आहे. १९६८ सालच्या पडद्यावर तो सहज मिळणारा नव्हता.

शेवटाला मात्र चित्रपट घसरतो. चिडलेल्या बिंदूचं मन वळवायला विद्यापतीची टोळी भोलाच्या आत्महत्येचं सोंग रचते, आणि ती विरघळते. आधी आवाजाची फसवणूक, तिची शिक्षा म्हणून राग, आणि रागावर उपाय म्हणून आणखी मोठी फसवणूक! ज्या पटकथेने दोन तास इतकी हुशारी दाखवली तिने शेवटच्या वीस मिनिटांत हात टेकले. प्राध्यापिकाबाईंनी गाण्यावर बोट ठेवलं, मी असतो तर या प्रसंगावर ठेवलं असतं. गाण्यात निदान थट्टा आहे, इथे धमकी आहे.

पण त्याच चित्रपटात भोलाच्या मामाची उपकथा आहे. ओमप्रकाशने रंगवलेले हे कुंवर प्रतापसिंग बायकोपासून वेगळे राहतात आणि उतारवयात बिंदूसारख्या कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघतात. कोण आठवतं? ‘शारदा’मधला भुजंगनाथ. १८९९ साली देवलांनी ज्या जरठ-कुमारी विवाहावर नाटक लिहिलं, तोच रोग सत्तर वर्षांनी हिंदी पडद्यावर हसण्यावारी आला. ‘शारदा’ गंभीर म्हणून आपण ती पाठ्यपुस्तकात घातली. पण ‘शारदा’तलं लोकांच्या तोंडी सगळ्यात जास्त काय बसलं? ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’. उपहासाचं पद. थेरड्या नवऱ्याला व्याख्यानांनी जितकं घायाळ केलं नसेल तितकं त्या एका पदाने केलं, कारण ते गावोगावच्या मांडवात म्हणता येत होतं. देवलांना हसण्याची ताकद कळली होती. मग ओमप्रकाश कलप लावून मिरवतो तेव्हा तो ‘थिल्लरपणा’, आणि भुजंगनाथ बोहल्याकडे धावतो तेव्हा ती ‘समाजसुधारणा’, असं का? ‘पडोसन’ म्हणजे ‘शारदा’ नव्हे, ते मलाही कळतं. ‘शारदा’मागे जळणाऱ्या पोरींचं आयुष्य होतं, ‘पडोसन’मागे तिकीटबारी होती. पण हत्यार एकच आहे, आणि ते हलकं आहे म्हणून बोथट ठरत नाही.

विरोधकांचा एक न बोललेला मुद्दाही आहे. त्यांच्या ‘दर्जेदार’च्या यादीत जे चित्रपट आहेत ते जवळजवळ सगळे रडवणारे. आमच्याकडे ही जुनी खोड आहे. अंत्ययात्रा असली की कलाकृती थोर, वरात असली की करमणूक. दर्जाचं माप अश्रूंनी का भरायचं? किशोरकुमारचंच बघा. १९६९ मध्ये ‘आराधना’ आला आणि सगळ्या देशाने त्याला मोठा गायक मानलं. त्याच्या आदल्याच वर्षी ‘पडोसन’मध्ये तो हेच सगळं करत होता: खालच्या स्वरातली ऊब, वरच्या स्वरातला खोडकरपणा, आवाज फोडून पुन्हा सांधायची ती यॉडेलची हिकमत. पण पानाने रंगलेलं तोंड आणि डोळ्यांत काजळ घालून करत होता, म्हणून तो विदूषक. कोट घालून, डोळे मिटून गायला असता तर परीक्षकांनी आदल्याच वर्षी माना डोलावल्या असत्या. राहुल देव बर्मन तेव्हा तिशीही न गाठलेला. त्याला पहिला स्वतंत्र चित्रपट महमूदनेच दिला होता, ‘छोटे नवाब’, १९६१ चा. किशोरकुमार आणि बर्मन या दोघांनी मिळून एका गाण्यात सरगम, विनोदी संवाद, भांडण, लय बदलणं आणि दोन गळ्यांची झटापट बसवली. रडकं गाणं बांधताना चूक झाली तर करुण रस पातळ होतो, बाकी काही बिघडत नाही. विनोदी गाण्यात अर्ध्या मात्रेची चूक झाली की कोणी हसतच नाही, आणि मग लपायला जागा नसते.

मंडळाला माझ्या दोनच सूचना आहेत. एक, कार्यक्रम फुकट ठेवू नये. पुढच्या महिन्यात ते जो गंभीर बंगाली चित्रपट दाखवणार आहेत त्याला तिकीट आहे आणि ‘पडोसन’ला ‘सर्वांना मुक्त प्रवेश’, हा भेद कोणाच्या डोक्यातून आला? जितकं त्याला तितकंच याला. दुसरी, पडदा पडल्यावर लगेच दिवे लावून खुर्च्या गोळा करू नयेत. अर्धा तास ठेवावा. सुरुवातीला खाँसाहेबांची त्यागराज-कृतीची जुनी तबकडी लावावी, तीन मिनिटांची आहे, आणि मग पिल्ले मास्तरांबद्दल बोलावं. त्या प्राध्यापिकाबाईंना पहिलं बोलू द्यावं. त्यांनी निदान चित्रपट बघून आक्षेप घेतला आहे. त्यानंतर तबल्यावर हात फिरलेल्या कोणाला तरी त्या निसटलेल्या समेबद्दल विचारावं. ज्यांनी आतापर्यंत दोन्ही बाजूंनी पानपानभर मजकूर लिहून गाव ढवळून काढलंय त्यांनाही बोलवावं, मात्र तिकीट काढून आणि पहिल्या फ्रेमपासून बसायच्या अटीवर.